फोटो खोटा आहे हे मुलीला माहीत आहे, तरीही ती स्वतःला त्याच्याशीच ताडून पाहते

पत्राचा सारांश

पत्र एका वडिलांचे आहे. जाहिरातींसाठी आणि मासिकांसाठी काढलेल्या छायाचित्रांचे रिटचिंग करणे हा त्यांचा अनेक वर्षांचा व्यवसाय. त्यांची मुलगी सोळा वर्षांची आहे आणि गेले वर्षभर ती स्वतःचा एकही फोटो ॲपमधून ‘नीट’ केल्याशिवाय कोणालाही पाठवत नाही. डोळे उघडावेत म्हणून वडिलांनी तिला एकदा आपल्या संगणकासमोर बसवले आणि एका मॉडेलचा मूळ फोटो व छापलेला फोटो शेजारी शेजारी ठेवून कंबर कुठून आत घेतली, मान कशी लांब केली, त्वचेवरची छिद्रे कशी पुसली हे एकेक करून दाखवले. मुलीने सगळे शांतपणे पाहिले आणि ती म्हणाली, “बाबा, हे मला माहीतच आहे. माझाही असाच करून द्या ना.” मग तिने आणखी एक विचारले. तिच्या दहाव्या वाढदिवसाचा जो फोटो घरात भिंतीवर आहे आणि सगळ्या नातेवाइकांकडे गेला आहे, त्यात तिचे दंड आणि हनुवटीखालचा भाग बारीक केला आहे का? तो केलेला आहे. “हाताच्या सवयीने झाले,” असे वडील लिहितात. त्या वेळी ते काहीच बोलले नाहीत. हल्ली ती अभ्यासाचे निमित्त सांगून रात्रीचे जेवण बहुधा टाळते, असेही त्यांनी शेवटी लिहिले आहे. पुढच्या महिन्यात घरात एक समारंभ आहे आणि सगळ्यांचा एकत्र फोटो आपल्याला दाखवून, नीट करूनच पुढे पाठवायचा, अशी तिची अट आहे. वडिलांचे प्रश्न तीन आहेत. खोटेपणा डोळ्यांदेखत दाखवूनही तिच्यावर परिणाम का झाला नाही? तिचा फोन काढून घ्यावा का? आणि हा व्यवसायच सोडून द्यावा का?

उत्तर

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण मला सुरुवात तुम्ही न विचारलेल्या चौथ्या प्रश्नापासून करावी लागेल. मुलगी रात्रीचे जेवण टाळते, हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे. माझ्या लेखी तुमच्या पत्रातले तेच सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. वाढत्या वयात अधूनमधून भूक न लागणे वेगळे आणि रोज एक कारण पुढे करून ठरावीक जेवण चुकवणे वेगळे. ती इतर वेळी काय आणि किती खाते, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ आत राहते का, गरज नसताना सैल कपडे घालू लागली आहे का, तिला वरचेवर चक्कर येते किंवा थंडी वाजते का, पाळी अनियमित झाली आहे का, व्यायाम एखाद्या दिवशी चुकला तर ती बेचैन होते का, याकडे तुम्ही दोघा पालकांनी पाळत ठेवल्यासारखे न वागता लक्ष द्यावे. ती काही फार बारीक झालेली नाही, म्हणून काळजीचे कारण नाही, असे मात्र मानू नका. खाण्याचे विकार वजन सर्वसाधारण असलेल्या, किंवा सर्वसाधारणपेक्षा जास्त असलेल्या मुलामुलींनाही होतात आणि अशा मुलांच्या बाबतीत ते उशिरा लक्षात येतात.

म्हणून येत्या आठवड्यातच तिला डॉक्टरांकडे न्या. नेहमीचे कौटुंबिक डॉक्टर चालतील. ते वजन, रक्तदाब, नाडी पाहतील, आवश्यक वाटल्यास रक्ताची तपासणी करायला सांगतील आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. तिच्याशी हा विषय जेवणाच्या ताटावर काढू नका आणि वजनापासूनही सुरू करू नका. ‘तू हल्ली दमलेली दिसतेस, मला काळजी वाटते, आपण एकदा दाखवून येऊ’ इतके पुरे. तपासणीत काही निघाले नाही, तर उत्तमच. निघाले, तर लवकर सुरू झालेल्या उपचारांचा गुण चांगला येतो.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. त्यामागे एक गृहीतक आहे, आणि ते तुमचे एकट्याचे नाही. या विषयावर बोलणारे बहुतेक पालक, शिक्षक आणि कायदे करणारेसुद्धा तेच धरून चालतात. चित्र खोटे आहे हे एकदा कळले, की त्याचा मनावरचा परिणाम नाहीसा होईल, असे ते गृहीतक. अनेक देशांनी याच विचाराने कायदे केले. इस्राएलने २०१२ साली कायदा करून मॉडेलला बारीक दाखवणाऱ्या जाहिरातीवर तसे स्पष्ट नमूद करणे बंधनकारक केले. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, शरीराची ठेवण बारीक किंवा जाड दिसावी म्हणून बदललेल्या जाहिरातीतील छायाचित्रावर ते रिटच केल्याची सूचना छापावी लागते आणि ती न छापल्यास ३७,५०० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. नॉर्वेमध्ये १ जुलै २०२२ पासून असाच नियम लागू आहे आणि पैसे घेऊन समाजमाध्यमांवर जाहिरात करणाऱ्या व्यक्तीही त्याच्या कक्षेत येतात.

या कायद्यांचा हेतू चांगला आहे आणि ग्राहकाशी खरे बोलले जावे एवढ्यासाठी तरी ते असावेत, असे माझे मत आहे. परंतु अशी सूचना वाचल्यामुळे पाहणाऱ्याचा स्वतःच्या शरीराविषयीचा असंतोष कमी होतो का, हे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून तपासले, तेव्हा बहुतेक प्रयोगांत तो कमी झालेला दिसला नाही. ऑस्ट्रेलियातील काही प्रयोगांत तर सहभागी स्त्रियांची नजर चित्रावर कुठे कुठे जाते, हेही उपकरणाने टिपले गेले. शरीराचा अमुक भाग बदललेला आहे, असे सूचनेत नेमके लिहिले, तर नजर त्याच भागाकडे अधिक ओढली जाते, असे त्यात आढळले.

हे वाचून तुमच्या संगणकासमोरचा तो प्रसंग पुन्हा एकदा आठवून पाहा. तुम्ही कर्सर फिरवत दाखवत होता: इथून कंबर आत घेतली, इथे मान वाढवली, इथली त्वचा सपाट केली. तुमच्या मनात होते ‘बघ, हे किती खोटे आहे’. तिने त्यातून उचलले असेल ते असे, की सुंदर दिसण्यासाठी शरीरावर या या जागा दुरुस्त कराव्या लागतात. अनुभवी माणसाने तयार केलेली दोषांची यादीच तिच्या हाती आली. हा दोष तुमच्या हेतूचा नाही. चित्र खरे की खोटे हा निवाडा बुद्धी सावकाश करते, आणि ‘माझे असे नाही’ ही तुलना त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेली असते. माणूस स्वतःला जोखण्यासाठी सतत इतरांशी तुलना करत असतो, ही मांडणी लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली केली. त्या वेळी घरोघरी टीव्हीही पोहोचले नव्हते.

दुसरेही एक गृहीतक तपासून पाहावे, असे वाटते. तुमच्या पिढीसाठी रिटच केलेला फोटो ही दुसऱ्या कोणाची तरी, दूरच्या माणसाची गोष्ट होती. चित्रपटाच्या तारकांचे फोटो पूर्वीही पेन्सिलीने निगेटिव्हवर काम करून गुळगुळीत केले जात. १९३१ सालच्या जोन क्रॉफर्डच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात तिच्या चेहऱ्यावरचे सगळे ठिपके असेच हाताने घालवलेले आहेत. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले, आणि शरीराचा आकार मेणासारखा ढकलता येणारे लिक्विफाय हे साधन २००० सालच्या आवृत्तीत आले, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण तोवर ही साधने तुमच्यासारख्या शिकलेल्या हातांत होती आणि ज्यांच्यावर ती चालवली जात ते चेहरे मोजके होते. तुमच्या मुलीकडे तेच साधन खिशात आहे आणि ते ती स्वतःच्या चेहऱ्यावर चालवते. ती आता कोणा मॉडेलसारखी दिसत नाही म्हणून खंतावलेली नसून, तिच्याच फोनमधल्या, तिनेच घडवलेल्या मुलीसारखी आरशात दिसत नाही म्हणून खंतावलेली असावी. ही तुलना जास्त बोचते, कारण समोरचा चेहरा जवळजवळ आपलाच असतो.

त्यामुळे ‘माझाही असाच करून द्या’ या तिच्या वाक्याने तुम्ही हताश होऊ नका. तिला फसवणूक करायची नाही. तिच्या वर्तुळात सगळेच फोटो असे जातात, आणि त्यात आपला एकटीचा जसाच्या तसा पाठवणे तिला विस्कटलेल्या केसांनी लोकांत जाण्यासारखे वाटते. तिचे हे गणित तिच्या जागी बरोबरच आहे. अडचण एवढीच आहे की त्या गणिताने तिला हवे ते समाधान मिळत नाही. कॅनडातील यॉर्क विद्यापीठात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुण मुलींना स्वतःचे सेल्फी काढून समाजमाध्यमावर टाकायला सांगितले होते. त्यानंतर त्यांची चिंता वाढलेली आणि आपण आकर्षक आहोत ही भावना कमी झालेली आढळली. ज्यांना हवे तितके सेल्फी काढण्याची आणि ते सुधारून घेण्याची मुभा होती, त्यांचीही गत तीच झाली.

मग तुमच्या ज्ञानाचा तिला काहीच उपयोग नाही का? आहे, फक्त ते दुसऱ्याच्या फोटोवर खर्च करण्याऐवजी तिच्या स्वतःच्या फोटोवर करा. तुम्ही कॅमेऱ्याचे जाणकार आहात. सेल्फी काढताना कॅमेरा पुष्कळदा चेहऱ्यापासून साधारण १२ इंचांवर असतो. इतक्या जवळून घेतल्यावर नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा बरेच जवळ येते, आणि म्हणून ते मोठे व चेहरा अरुंद उमटतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ साली याचे गणित मांडले: ५ फुटांवरून घेतलेल्या फोटोच्या तुलनेत १२ इंचांवरच्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसते. म्हणजे ज्या चेहऱ्याला ती रोज दुरुस्त करत बसते, तो चेहरा कॅमेऱ्यानेच आधी बिघडवलेला असतो. एखाद्या दिवशी, तिला हौस असेल तेव्हा, एकाच खिडकीच्या उजेडात तुम्ही दोघे एकमेकांचे फोटो काढा. एक फोटो हातभर अंतरावरून, दुसरा पाच फुटांवरून आणि तिसरा त्याहून लांब जाऊन, लेन्स बदलून घ्या. तुमचा चेहराही तितकाच बदललेला तिला दिसू दे. कॅमेरा म्हणजे निकाल देणारा पंच नव्हे, तो कुठे ठेवला यावर तो काय सांगेल ते ठरते, हे तिला हाताळून कळेल. त्या वेळी पुन्हा उपदेश मात्र नको. आणि ती आधीच नाकावरून फार हळवी असेल, आरशासमोर तासन्‌तास जात असतील, तर हा खेळही करू नका. ते डॉक्टरांच्या कानावर घाला. आपल्या रूपातील एखाद्या कल्पित वा क्षुल्लक दोषाने माणसाला पछाडणे हा एक ओळखता येणारा मानसिक विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आता भिंतीवरच्या फोटोबद्दल. पत्रात तुम्ही त्यावरून घाईने पुढे गेला आहात; मी तसे जाऊ शकत नाही, कारण तुमच्या घरातील गाठ मला तिथेच दिसते.

तिने दंडांबद्दल आणि हनुवटीबद्दल विचारले, म्हणजे तिने ते आधीच ओळखलेले आहे. दहा वर्षांच्या वयात आपण कशा होतो, हे तिला इतर फोटोंतून ठाऊक आहे. तिला तांत्रिक माहिती नको होती. माझ्याकडे पाहताना माझ्या बाबांच्या डोळ्यांना काय खटकले, हे तिला जाणून घ्यायचे होते. त्यावर तुम्ही गप्प राहिलात, आणि अशा वेळी गप्प राहण्याचा मुले नेहमी वाईटच अर्थ लावतात. हाताच्या सवयीने झाले, हे मला पटते. दिवसभर तेच काम करणाऱ्या हाताला घरचा आणि बाहेरचा फोटो वेगळा कळत नाही. पण ते तिला तुमच्या तोंडून ऐकू आले पाहिजे. तिला सांगा की हो, मी ते केले होते. तुझ्यात काही कमी होते म्हणून नव्हे, तर समोर येणारे प्रत्येक शरीर एकाच साच्यात बसवण्याची माझ्या हाताला सवय लागली होती म्हणून. तुला न विचारता तुझे शरीर बदलले, ही माझी चूक झाली आणि मला तिचे वाईट वाटते. एवढे बोलून थांबा. ‘पण किती छान दिसतेस त्यात’ हे वाक्य जोडू नका. ती रागावली, रडली, किंवा खांदे उडवून निघून गेली, तरी ते चालण्यासारखे आहे. मूळ फाइल तुमच्याकडे शिल्लक असेल तर ती तिला द्या, आणि भिंतीवर कोणता फोटो राहावा की कोणताच राहू नये, हे तिला ठरवू द्या. कदाचित ती बदललेलाच ठेवायला सांगेल. तसे सांगितले तर तो ठेवा.

न विचारता केलेला बदल किती लागतो, हे ज्यांचे पोटच फोटोवर चालते त्यांनीही सांगितले आहे. २००३ साली ब्रिटनमधील एका मासिकाने मुखपृष्ठावर अभिनेत्री केट विन्स्लेटचे शरीर बारीक करून छापले, तेव्हा आपण तशा दिसत नाही आणि तसे दिसण्याची आपली इच्छाही नाही, असे तिने जाहीरपणे सांगितले. २०१७ मध्ये अभिनेत्री लुपिता न्योंगोच्या मुखपृष्ठावरील फोटोतून तिच्या केसांचा काही भाग काढून उरलेले केस सपाट केले गेले, आणि तिनेही उघडपणे नापसंती नोंदवली. जगाने सुंदर ठरवलेल्या स्त्रियांना जर हे अपमानाचे वाटते, तर स्वतःच्याच वडिलांनी केलेला बदल सोळा वर्षांच्या मुलीला किती आत जाऊन लागला असेल, याची कल्पना करा.

तू सुंदर आहेस, असे तिला पुनःपुन्हा सांगावे का, असा प्रश्न या सदराला लिहिणारे अनेक पालक विचारतात. प्रेमाने एकदा म्हणायला हरकत नाही. उपाय म्हणून ते चालत नाही, कारण त्याने मोजपट्टी तीच राहते, फक्त तुमचे माप तेवढे उदार होते. त्यापेक्षा घरात शरीराबद्दल एकूण किती बोलले जाते, याकडे कान द्या. पाहुणे आल्यावर पहिले वाक्य ‘वजन वाढले का गं’ असते का? टीव्हीवरच्या निवेदिकेबद्दल शेरे पडतात का? तिची आई किंवा तुम्ही स्वतः आरशासमोर स्वतःच्या पोटाला नावे ठेवता का? पालकांच्या वजनाविषयीच्या शेऱ्यांचा आणि मुलांच्या बिघडलेल्या खाण्याचा संबंध असंख्य पाहण्यांत दिसून आला आहे, आणि चेष्टेत केलेले शेरेही त्याला अपवाद नाहीत. ही बोली घरातून कमी करणे तुमच्या हातात आहे. त्यासाठी मुलीच्या सहकार्याचीही वाट पाहायला नको.

फोन काढून घ्यावा का? माझे स्पष्ट मत ‘नाही’ असे आहे. सोळाव्या वर्षी फोन काढून घेतला तर तिचे मैत्रिणींशी असलेले सगळे बोलणे तुटेल, ती ते कुठून तरी जोडून घेईल, आणि खाण्यापिण्याचे जे थोडेफार तुमच्या कानावर येते तेही बंद होईल. वेळ कमी करण्याचा उपयोग मात्र होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात, चिंता वा नैराश्याची लक्षणे असलेल्या २२० तरुण विद्यार्थ्यांपैकी काहींना तीन आठवडे समाजमाध्यमांचा वापर दिवसाला ६० मिनिटांच्या आत ठेवायला सांगितले होते. त्यांनी तो साधारण निम्म्यावर आणला, आणि स्वतःच्या रूपाविषयी व वजनाविषयी त्यांना वाटणारे समाधान लक्षणीय वाढले. तीन आठवडे हा काही फार मोठा काळ नव्हे. हे तिच्यासमोर हुकूम म्हणून न ठेवता प्रयोग म्हणून ठेवा, आणि त्यात तुम्हीही सामील व्हा. फोनवर किती वेळ गेला हे रोज दोघांनी एकमेकांना दाखवावे. त्याच काळात ती ज्यांना फॉलो करते त्या खात्यांवरून तिने स्वतः एकदा नजर फिरवावी. कोणते खाते पाहून झाल्यावर बरे वाटते आणि कोणते पाहिल्यावर आरशाकडे पाय वळतात, एवढी एकच कसोटी पुरेशी आहे. काय बंद करायचे ते तिने ठरवावे. तुम्ही यादी मागू नये.

तिच्याशी बोलताना तुम्ही कमी बोला, हे मी केवळ सभ्यता म्हणून सांगत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलींसाठी विकसित केलेला एक गट-उपक्रम गेली वीसेक वर्षे निरनिराळ्या देशांत तपासला गेला आहे, आणि शरीराविषयीचा असंतोष कमी करण्यात त्याचा गुण वारंवार दिसला आहे. त्यात मुलींना व्याख्यान देत नाहीत. बारीक असण्याच्या आदर्शाची किंमत कोण मोजते, त्यात फायदा कोणाचा, एखाद्या लहान बहिणीला तुम्ही याबद्दल काय सांगाल, असे विचारून त्या आदर्शाविरुद्धचे युक्तिवाद मुलींच्याच तोंडून येऊ देतात. आपण स्वतः मांडलेली बाजू मनात टिकते. तुम्ही तिला इतकेच विचारू शकता, की तुझ्या धाकट्या मावसबहिणीने असाच फोटो करून मागितला तर तू करून देशील का? उत्तर काहीही आले तरी ते ऐकून घ्या. २०१२ साली अमेरिकेतील चौदा वर्षांच्या एका मुलीने किशोरींच्या एका मोठ्या मासिकाकडे, दर महिन्याला किमान एक तरी रिटच न केलेले छायाचित्र छापा, अशी मागणी करणारा अर्ज ऑनलाइन फिरवला, आणि ऐंशी हजारांहून अधिक लोकांनी त्यावर सह्या केल्या. आपल्या मॉडेल मुलींच्या शरीराचा किंवा चेहऱ्याचा आकार बदलणार नाही, असे वचन त्या मासिकाने पुढे छापील स्वरूपात दिले. ही हकिगत तिला जरूर सांगा. ती जवळपास तिच्याच वयाच्या मुलीची आहे.

मुलगे असलेल्या पालकांसाठी इथेच एक सांगून ठेवतो. त्यांच्या बाबतीत हा त्रास बहुधा बारीक होण्याच्या ध्यासाऐवजी दंड आणि छाती भरण्याच्या ध्यासातून दिसतो. जेवण टाळण्याऐवजी पावडरी आणि गोळ्या येतात, आणि व्यायामाची शिस्त म्हणून घरात त्याचे कौतुकच होत राहते. कोणाला न सांगता घेतलेली इंजेक्शने किंवा गोळ्या आढळल्या, तर डॉक्टरांना गाठण्याची घाई तितकीच करावी.

राहिला व्यवसायाचा प्रश्न. अपराधीपणाच्या भरात घेतलेला निर्णय तुम्ही घेऊ नये, कारण या सगळ्याचे मूळ तुमच्या टेबलावर नाही. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ ॲन बेकर यांनी फिजी बेटांवरील नाड्रोगा भागात, १९९५ साली तिथे टीव्ही पोहोचल्यावर काही आठवड्यांतच आणि पुन्हा १९९८ साली, शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याच्या वागणुकीविषयीच्या चाचणीत चिंताजनक गुण मिळवणाऱ्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. त्यांच्याकडे फोन नव्हते, फिल्टर नव्हते. रोज डोळ्यांपुढे एकाच प्रकारची शरीरे येऊ लागली, इतकेच घडले होते. तुम्ही उद्या काम सोडले तर तुमच्या जागी दुसरा कोणी बसेल आणि मुलीच्या फोनमध्ये काहीही फरक पडणार नाही. पण तुमच्या हातून काय होईल आणि काय होणार नाही, याची रेघ तुम्ही ओढू शकता. प्रकाश, रंग, कपड्यावरची सुरकुती, लेन्सवरची धूळ, त्या दिवशीच उठलेली पुटकुळी हे एकीकडे, आणि कंबर, मांड्या, जबडा, त्वचेचा मूळ रंग हे दुसरीकडे. नॉर्वेचा कायदाही शरीराचा आकार, आकारमान आणि त्वचा यांतील बदलांपुरताच बोलतो. गेटी इमेजेससारख्या जगभर छायाचित्रे पुरवणाऱ्या कंपनीने १ ऑक्टोबर २०१७ पासून, शरीर बारीक किंवा जाड दिसावे म्हणून बदललेली छायाचित्रे आपल्या जाहिरातविषयक संग्रहात घेणे बंद केले. म्हणजे अशी रेघ ओढूनही धंदा चालतो. पुष्कळदा ग्राहकाने कंबर कमी करायला सांगितलेलेही नसते. ‘जरा क्लीन करून द्या’ एवढेच तो म्हणतो आणि बाकीचे हात आपोआप करतो. तिथून सुरुवात करा. लेखी सांगितल्याशिवाय कोणाच्याही शरीराच्या आकाराला हात लावायचा नाही, आणि कोणी लेखी सांगितले, तर एकदा तरी ‘याची खरेच गरज आहे का’ असे विचारायचे. एखादे काम हातचे जाईल, हे खरे आहे. घर त्यावर चालते, म्हणून किती कामे नाकारता येतील हे तुम्ही तुमच्या जमाखर्चाकडे पाहूनच ठरवा. त्याबद्दल बाहेरून बोलण्याचा मला अधिकार नाही.

समारंभाचा फोटो नीट करून देण्याची तिची अट तुम्ही मान्य करू नये, पण ती ज्या भीतीपोटी घातली आहे त्या भीतीची सोय जरूर करावी. तिला आधीच सांगून ठेवा की या फोटोचा उजेड आणि रंग मी ठीक करीन, मात्र कोणाचेही शरीर बदलणार नाही. तुझे नाही, आजीचे नाही आणि माझे पोटही नाही. त्या दिवशी कॅमेरा भरपूर मागे न्या आणि डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, म्हणजे कडेला उभी असलेली माणसे ताणून पसरट दिसत नाहीत. तिला कडेला उभी करू नका. एकाऐवजी बरेच फोटो घ्या. कोणाकडेही काही जाण्याआधी ते सगळे तिच्यासमोर ठेवा आणि त्यांतला कोणता पाठवायचा हे तिला निवडू द्या. एकही नको म्हणाली, तर तिचा फोटो पाठवू नका आणि नातेवाइकांनी विचारले, तर त्यांना उत्तर तुम्ही द्या.